तांबड्या शाईच्या ओळी

बसा असे जवळ. मोठ्यानं बोलवत नाही मला हल्ली.

जुन्या हस्तलिखितांची डागडुजी हा माझा धंदा. ते फारसी कवितांचं हस्तलिखित आलं, तेव्हा काम नेहमीचंच होतं. उखडलेला सोन्याचा वर्ख बसवायचा, किडीची भोकं बुजवायची. काळ्या शाईत फारसी ओळ आणि तिच्याखाली बारीक तांबड्या अक्षरांत तुर्की अर्थ. मला दोन्ही वाचता येत नाहीत. माझ्या लेकीला, ठकीला यायचं. मी ब्रश फिरवायचो, ती शेजारी बसून अर्थ सांगायची. मध्येच ओरडायची, "बाबा, चष्मा पूस आधी!"

थंडीत तिला ताप आला. साधाच आहे, डॉक्टर म्हणाले. आठवड्यात घर ओस पडलं.

मी पुन्हा कामाला बसलो. दुसरं करणार काय? शेवटच्या पानांवर अर्थ लिहिणाऱ्यानं काम अर्ध्यावर सोडलं होतं. काळ्या ओळींमधली जागा कोरीच होती. एका दुपारी खोलीत दवाखान्यासारखा वास दाटला. कागदावर काहीतरी खरखरलं... बोरू चालावा तसं. बघतो, तर कोऱ्या जागेत तांबडी ओळ. ओली.

ठकीला फारसी आणि तुर्की शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं. वाचता वाचता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वर लिहिलंय, प्रवासी दूर निघून गेला. खाली मात्र... अर्थ नाहीये. खाली आहे, बाबा, चष्मा पूस."

मी ढसाढसा रडलो.

बायकोला, हिला सांगितलं. मग ही रोज येऊन पानासमोर बसू लागली. ओळी उमटत गेल्या, बाई वाचत गेल्या. आई, माझी निळी शाल तू वापर. आई, जेवत जा गं. लेक गेल्यापासून अन्नाला न शिवलेली ही जेवू लागली हो. शाल पांघरून यायची, पानाशी गुजगोष्टी करायची.

मग परवा शेवटच्या पानावर एक ओळ आली. अक्षर वाकडंतिकडं, घाईचं. बाईंनी ती वाचली आणि मला दाराशी नेलं.

"काय लिहिलंय?"

"तुम्ही ऐकू नका..."

"बाई, सांगा."

त्या कुजबुजल्या, "बाबा, आधीच्या ओळी मी लिहिलेल्या नाहीत. आईला इथून ने."

आतून हिनं विचारलं, "काय म्हणतेय हो आपली ठकी?"

हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि धीर झाला नाही. कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांत ओल सोडून दुसरं काही दिसत होतं. मी म्हटलं, "विचारतेय... आई, बरी आहेस ना?"

ही हसली. शाल सारखी करत म्हणाली, "ऐकलं मी. तुमच्या तोंडून निघायच्या आधीच म्हणाली ती. तुमच्या खांद्यामागे उभी राहून."

माझी पाठ भिंतीला टेकलेली होती.