ओदिलच्या गालावरची ऊब

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आन्सेल्म ब्रुसोल हे शिल्पकार चामड्याची पिशवी हातात घेऊन सीन नदीवरचा पूल ओलांडत होते. पिशवीत बारीक चाळलेले प्लास्टर, बदामाच्या तेलाची बाटली, थोडा कापूस आणि रेशमी दोऱ्याची गुंडी होती. त्याच दुपारी वारलेल्या एका मुलीच्या चेहऱ्याचा साचा घ्यायला ते निघाले होते. दुसऱ्या कोणाला हे काम अभद्र वाटले असते. ब्रुसोल यांना ते पाववाल्याने घरोघरी पाव पोचवावा इतके सवयीचे होते. थडग्यांवरच्या मूर्तींसाठी पॅरिसमध्ये त्यांचे नाव होते. तरुणपणी सरकारी खर्चाने रोमला राहून त्यांनी प्राचीन मूर्तींचा अभ्यास केला होता आणि तेव्हापासून त्यांचे मत ठरून गेले होते. चेहरा शांत हवा, ओठ मिटलेले हवेत, डोळ्यांत बुबुळे कोरू नयेत. रडायचे असेल तर बघणाऱ्याने रडावे, दगडाने नव्हे.

मृतांच्या चेहऱ्यांचे असे मुखवटे घेणाऱ्यांमध्ये एक रीत पाळली जाई. मृत्यूनंतर एक रात्र जाऊ द्यायची, मगच चेहऱ्याला हात लावायचा. ही रीत कोणी आणि का घातली, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. ब्रुसोल मात्र ती मानत नसत. रात्र उलटली की गाल बसतात, नाक धारदार होते, ओठांची महिरप मोडते, आणि हाती येतो तो नुसता मेलेल्या माणसाचा चेहरा, असे ते म्हणत.

मादाम लॉर्मेल यांनी त्यांना स्वतः दार उघडले. त्या विधवा होत्या आणि ओदिल ही त्यांची एकुलती एक मुलगी. डॉक्टर तपासून निघून गेले होते. खोलीत मेणाचा आणि व्हिनेगरचा वास भरून राहिला होता, आणि खिडकीतून हिवाळ्यातला पांढुरका उजेड बिछान्यावर पडला होता.

"मस्यू ब्रुसोल, आजच घ्यायला हवा का? उद्या सकाळी नाही चालणार?"

"उद्या सकाळी ही तुमची ओदिल राहणार नाही, मादाम. आज आहे."

त्या बाजूला झाल्या. ब्रुसोल यांनी मुलीचे केस मागे बांधले, भुवयांना आणि पापण्यांना तेल लावले, नाकपुड्यांत कापूस बसवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत दोरा सोडला आणि दह्यासारखे दाट प्लास्टर चेहऱ्यावर ओतत गेले. घट्ट होण्यापूर्वी दोरा ओढून साच्याचे दोन भाग केले. मग थांबणे आले. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. मादाम लॉर्मेल जपमाळ ओढत होत्या आणि मण्यांखेरीज घरात कसलाही आवाज नव्हता.

साचा सुटा झाल्यावर त्या पुढे आल्या आणि त्यांनी मुलीच्या गालावर तळवा ठेवला.

"गरम आहे हो ही..."

"प्लास्टर घट्ट होताना तापतं, मादाम. ती ऊब प्लास्टरची. थोड्या वेळानं जाईल."

हे वाक्य त्यांनी इतक्या घरांतून उच्चारले होते की ते उच्चारताना त्यांना मान वर करावी लागत नसे. ते खोटेही नव्हते. प्लास्टर खरोखरच तापते. मादाम लॉर्मेल यांनी हात काढून घेतला. ब्रुसोल यांनी साचे फडक्यात गुंडाळले, नमस्कार केला आणि ते जिना उतरले. ऊब गेली की नाही, हे पाहायला ते थांबले नाहीत.

ओदिलला पुरले. ब्रुसोल यांची कार्यशाळा एका जुन्या मठाच्या भोजनगृहात होती. तिथे साच्यातून पहिला मुखवटा निघाला तो सुरेख निघाला. नाकाखाली आणि ओठांच्या कोपऱ्याशी मात्र प्लास्टरचे काही बारीक दाणे उमटले होते. साच्यात हवेचे बुडबुडे अडकले की त्यांच्या जागी असे दाणे येतात. ब्रुसोल यांनी ते पातळ सुरीने खरवडून टाकले. त्या वेळी ते आपला पाथरवट बार्नाबे याच्याशी कांद्याच्या सारात चीज किती घालावे यावर वाद घालत होते.

मुखवट्यावरून त्यांनी निजलेल्या मुलीची पूर्णाकृती मातीत घडवली आणि ती प्लास्टरमध्ये ओतून घेतली. इटलीहून संगमरवर आला. आता काम बार्नाबेचे होते. लाकडी चौकटीला लावलेली पितळी सुई प्लास्टरच्या मूर्तीवर टेकवायची, तिची खोली कायम करायची, चौकट उचलून दगडावर ठेवायची आणि सुई तितकीच आत जाईपर्यंत दगड उतरवायचा. असे करत करत मूर्ती दगडात उतरते. कल्पनेला तिथे वाव नसतो.

उन्हाळा संपत आला तेव्हा बार्नाबे तोंडापर्यंत पोचला.

"मालक, जरा इकडे या."

"का रे? नाक उडवलंस की काय?"

"नाक जागच्या जागी आहे. तोंड नाही."

ब्रुसोल उठून आले. बार्नाबेने प्लास्टरच्या ओठांवर सुई धरली.

"काल ही इथं टेकली होती. आज आत जातेय."

"काल किती ढोसली होतीस?"

"मी रविवारी ढोसतो, मालक. आज गुरुवार. आणि मी झिंगलो असलो तरी सुईला कोणी पाजली?"

ब्रुसोल यांनी सुई स्वतःच्या हातात घेतली. ती आत गेली. मिटलेल्या ओठांमध्ये केसाएवढी फट होती आणि फटीत काळोख होता. हवा दमट आहे, प्लास्टर फुगले असेल, असे ते म्हणाले. फुगलेले प्लास्टर सुईला अलीकडेच अडवील, हे त्यांना बोलता बोलताच कळले. पण वाक्य त्यांनी पुरे केले.

दुसऱ्या दिवशी फट रुंदावली होती. बार्नाबेने छातीवर क्रूस काढला आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन मूर्तीचे पाय घडवू लागला. ब्रुसोल यांनी प्लास्टरच्या चेहऱ्यावर कोरडे कापड टाकले. सकाळी येऊन पाहतात तो कापडावर, ओठांच्या जागी, एक ओला डाग होता.

तेव्हा त्यांना ते दाणे आठवले.

प्लास्टर नीट ढवळले गेले नाही तर बुडबुडे कुठेही राहतात. कपाळावर, हनुवटीवर, कानाशी. ते दाणे कपाळावर नव्हते. हनुवटीवर नव्हते. फक्त नाकाखाली आणि ओठांच्या कोपऱ्याशी होते, आणि पाण्यात बुडलेल्या माणसाच्या तोंडून निघावेत तसे एकामागोमाग एक होते. ब्रुसोल हातातले कापड तसेच धरून स्टुलावर बसले. गालावर ठेवलेला आईचा तळवा त्यांना स्पष्ट दिसला. स्वतःचे वाक्यही स्पष्ट ऐकू आले.

ऑक्टोबरात मादाम लॉर्मेल मूर्ती पाहायला आल्या. प्लास्टर झाकलेले होते. संगमरवराला अजून तोंड नव्हते, तिथे नुसता खडबडीत उंचवटा होता. त्या बराच वेळ त्या उंचवट्याकडे पाहत राहिल्या.

"तिचे ओठ मिटलेले होते ना... त्या दिवशी?"

"हो."

"मला मेलीला एकच विचार सुचतो बघा. तिला काही सांगायचं तर नव्हतं? मी म्हणते, झोपेत गेली, त्रास झाला नाही. तेवढंच धरून बसले आहे मी."

बार्नाबेची छिन्नी थांबली. ब्रुसोल यांना सांगता आले असते. ते मादाम लॉर्मेल यांच्या हातमोज्यांकडे पाहत होते. हातमोजे काळे होते आणि उजव्या तळव्याशी झिजलेले होते.

"ती शांत होती, मादाम. मी स्वतः पाहिलं."

"तुम्ही सांगता म्हणजे तसंच असणार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे टिपले.

त्या गेल्यावर ब्रुसोल यांनी सुईची चौकट भिंतीला टेकवली.

"तोंड मी करीन."

"सुईशिवाय?"

"सुईशिवाय."

"मालक, सुई जे दाखवते ते..."

"तू घरी जा, बार्नाबे."

त्यांनी ओठ मिटलेले कोरले. रोममध्ये शिकले होते तसे, निर्दोष. मग हातोडा घेऊन त्यांनी प्लास्टरची मूर्ती फोडली आणि तुकडे मठामागच्या खड्ड्यात टाकून दिले. त्या रात्री त्यांना झोपही लागली. काम चांगले उतरले होते आणि ते त्यांना कळत होते.

मृतांच्या सणाआधी मूर्ती पेर-लाशेझच्या दफनभूमीत, लॉर्मेल घराण्याच्या छोट्या प्रार्थनागृहात बसवली गेली. सणाच्या दिवशी बोचरी थंडी होती. थडग्याथडग्यांवर सुकलेल्या पिवळ्या फुलांच्या माळा होत्या. ब्रुसोल पोचले तेव्हा मादाम लॉर्मेल आत मूर्तीपाशी उभ्या होत्या. त्यांनी हातमोजा काढला होता. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका उजळलेला कोणी पाहिला नव्हता.

"या ना, मस्यू ब्रुसोल. इथं हात ठेवून पाहा."

त्यांनी ठेवला. प्रार्थनागृहाच्या फरशीतून गारठा पायांत चढत होता, भिंती ओलसर होत्या, आणि बोटांखालचा गाल कोमट होता. ओठ त्यांनी मिटवले होते तसेच मिटलेले होते.

मादाम लॉर्मेल त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. आवाज त्यांनी अगदी खाली आणला.

"संगमरवरही तापतो का हो... घट्ट होताना?"

"हो, मादाम," ब्रुसोल म्हणाले. "तापतो."

त्यानंतरही ते बरीच वर्षे जगले आणि बऱ्याच मूर्ती त्यांनी घडवल्या. मुखवटा घ्यायला मात्र ते पहिली रात्र उलटल्यावरच जात. लॉर्मेल यांच्या प्रार्थनागृहाला काचेचे दार आहे. हिवाळ्यात काचेवर धुके धरते, म्हणून रखवालदार आपल्या फेरीत ती पुसायला जातो. बाहेरून पुसून काही उपयोग होत नाही. धुके आतल्या बाजूला असते.