टाळूवरचा उंचवटा

शवागाराच्या दारात दीपमालाने दातांच्या डॉक्टर तृप्तीचा हात घट्ट धरला.

"डाक्टर, ती कवळी यांची नाय असं म्हणा. पाया पडते तुमच्या!"

गोदावरीतून काढलेल्या प्रेताचा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. तोंडातली वरची कवळी मात्र तिनेच कोंडाजीला, दीपमालाच्या नवऱ्याला, बसवून दिली होती. अकरा दिवसांपूर्वी तो गुलाबाच्या मळ्यातून नाहीसा झाला होता.

"म्हणजे शोध संपला," इन्स्पेक्टर यादव म्हणाले.

"दोन मिनिटं थांबा," तृप्ती म्हणाली.

कोंडाजीच्या टाळूवर मधोमध हाडाचा उंचवटा होता. कवळी तिथे टोचायची. आतून पांढरी पेस्ट लावायची, दाबामुळे ती जिथे पुसली जाईल तिथे घासायचं, असं चारदा करून तृप्तीने कवळीत खळगा पाडला होता.

आज तिने तीच पेस्ट लावली आणि कवळी प्रेताच्या टाळूवर दाबली. कवळी डुगडुगली. काढून पाहिली, तर कडांची पेस्ट साफ पुसलेली. खळग्यातली जशीच्या तशी!

ती बाहेर आली. कोंडाजीचा धाकटा भाऊ भिंतीशी उभा होता.

"लखनभाऊ, प्रेत पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

"मीच."

"पोलीस येईपर्यंत जवळ कोण होतं?"

"कोणी नाय. मी एकटाच."

"कवळी तोंडातच होती?"

"तीच बघून तर दादाला वळखलं."

तृप्ती यादवांकडे वळली. "कवळी कोंडाजीची आहे, प्रेत दुसऱ्याच कुणाचं आहे. ह्याची टाळू सपाट आहे. पाण्याने मांस फुगतं, हाड झिजत नाही. आणि इतकी सैल कवळी नदीत केव्हाच वाहून गेली असती. ती काठावर आणल्यावर बसवली. तेव्हा तिथे एकच माणूस होता."

यादवांनी लखनला भिंतीशीच अडवलं.

"कवळी कुठून मिळाली?" यादवांनी दरडावलं.

"दादाच्याच तोंडातली... एखादं बेवारस प्रेत सापडलं तर बसवायची म्हणून जवळच ठेवली होती. मळा विकायला तयार होईना. मागच्या तारखेच्या कागदावर अंगठा पाहिजे होता, म्हणून त्याला कोंडलं. तो मेला असं ठरलं, तर कोणी शोधणार नव्हतं."

दीपमालाने त्याची गचांडी धरली. "जित्ता हाय का? बोल!"

"मनमाडकडं... विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. परवा पाणी दिलं होतं."

परवा!

दीड तासाने कुलूप तुटलं. कोपऱ्यात कोंडाजी निपचित पडला होता. दीपमालाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या पदराने ओठ पुसले. यादवांनी नाडी धरली.

"चालू आहे," यादव ओरडले. "गाडी आत घ्या!"