ब्रेक तपासले, दोष नाही

तुम्ही गाडी बघायला चला म्हणता, पण मी येणार नाही. राग मानू नका. सेकंडहँड गाडीची पारख करण्यात या शहरात श्यामसुंदरचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं तुम्हाला ज्यानं सांगितलं त्यानं खोटं सांगितलेलं नाही. पण पाच वर्षं झाली, मी दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही. का, ते ऐकायचं असेल तर बसा. तो कंदील जरा अलीकडे सरकवा. आमच्या गल्लीत दिवे केव्हा जातील त्याचा नेम नसतो, आणि हल्ली मला अंधारात बोलवत नाही.

माझा जन्म इथलाच, भवानीपूरचा. सत्तेचाळीस साली साहेब लोक गाशा गुंडाळून निघाले तेव्हा त्यांच्या गाड्या मागं राहिल्या. त्यात त्या दोन माणसांच्या, बुटक्या, उघड्या टपाच्या रेसच्या गाड्या पुष्कळ होत्या. ज्याला त्याला त्या हव्या असत आणि किंमत ठरवायला मला बोलावणं येई. मीटरवर मी कधी विश्वास ठेवला नाही. मीटर कुणीही मागं फिरवतो. मी पायाखालच्या पेडलांची रबरं बघायचो. ती किती आणि कशी झिजलीत त्यावरून गाडी किती पळाली, चालवणारा कसा होता, सगळं कळतं. मग सर्व्हिसची वही. ती नुसती चाळायची नसते, पहिल्या पानापासून वाचायची असते. एकच तक्रार पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसली, की गाडी कितीही देखणी असो, चहाचा कप खाली ठेवून उठून यावं. हे सगळं मला येत होतं, म्हणून तर स्वतःची जास्त चीड येते.

त्रेपन्न सालचा जानेवारी. माझी धाकटी बहीण वृंदा हिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तिचे यजमान जयप्रकाशराव बँकेत अधिकारी, पुण्याहून बदली होऊन आलेले. माणूस मनानं वाईट नव्हता. पण बायकोचा भाऊ हातानं काम करतो, हे त्यांना खुपायचं. चार लोकांत मला ‘आमचे मिस्त्री’ म्हणायचे. संक्रांतीला त्यांच्या साहेबांसमोर म्हणाले, “आमच्या मेहुण्यांचा निम्मा जन्म गाडीखाली आडवं पडण्यात गेलाय आणि उरलेला हात धुण्यात.” सगळे हसले. वृंदाही हसली, जराशीच. मी तिळगूळ तोंडात टाकला.

त्याच आठवड्यात त्यांचा निरोप आला की बेहालाला एक दोन-आसनी गाडी विकाऊ आहे, रविवारी बघायला चला. बहिणीचा नवरा, नाही कसं म्हणणार? गेलो.

घर ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून आत, तळ्याच्या काठावर होतं. फोर्ट विल्यममध्ये असलेले मेजर खासनीस यांचं. मेजर वारून तीन वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी, प्रेमलताबाई, पांढऱ्या पातळातल्या, अगदी हलक्या आवाजात बोलणाऱ्या. जयप्रकाशराव अंगणात सिगरेट ओढत थांबले आणि बाईंनी मला गॅरेजचं कुलूप काढून दिलं.

दुपारचे साडेतीन झाले असतील. बाहेर स्वच्छ ऊन होतं, पण आत रिकाम्या हौदात उतरल्यासारखं गार वाटलं. डांबराच्या गोळ्यांचा आणि कोंडलेल्या चामड्याचा वास. गाडी गडद हिरवी, विलायती, सुरेख. तीन वर्षं बंद असलेल्या गाडीवर धूळ असायला हवी होती. नव्हती. बाई पुसत असतील, असं मी धरून चाललो.

मी वाकून पेडलं बघितली. क्लचचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. ॲक्सिलरेटर गुळगुळीत झालेला. आणि ब्रेकचं रबर कोरं. नवं बसवलेलं नव्हे, जुनंच. कडा कडक होऊन तडकलेल्या, पण वरची नक्षी जशीच्या तशी. बावीस हजार मैल चाललेल्या गाडीचा ब्रेक जणू कुणी दाबलाच नव्हता.

मग डावीकडे गेलो. शेजारी बसणाऱ्याचे पाय येतात तिथली चटई एका जागी फाटून भोक पडलं होतं. भोकातून खालचा पत्रा दिसत होता आणि पत्र्यात खळगा होता. बरोबर टाचेएवढा. गाडी जोरात असली की शेजारचा माणूस घाबरून पाय दाबतो, नसलेला ब्रेक लावतो. तुम्हीही करत असाल. पण पत्र्याला खळगा पडेपर्यंत?

“इथं शेजारी कोण बसायचं?” मी विचारलं.

“कुणीच नाही.” बाई दारातच उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या. “मेजरना शेजारी कुणी बसलेलं चालत नसे. मीसुद्धा.”

मी वही मागितली. ती त्यांनी पदराखाली धरून ठेवली होती. आधीचा मालक एक साहेब, नंतर मेजर. दोघांच्याही वेळी दर हजार-दोन हजार मैलांनी कारखान्याच्या कारकुनानं एकच ओळ लिहिलेली होती. तक्रार, पाय न ठेवता ब्रेक लागतो. ब्रेक तपासले, दोष नाही. मी मोजलं, अकरा वेळा. दोन मालक, एकमेकांना न भेटलेले, आणि तक्रारीत एका शब्दाचा फरक नाही.

“मेजर... कशानं गेले?”

“हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर.” त्यांनी वही माझ्या हातून परत घेतली. “गाडीतच गेले. इथंच, गॅरेजात. सकाळी मी दार उघडलं तर... डावीकडे बसलेले होते.”

“डावीकडे?”

“हो. आणि इंजिन गरम होतं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मी लपवणार नाही. मला ही गाडी इथून गेलेली हवी आहे, एवढंच.”

चालवून बघितल्याशिवाय मी कुठल्याच गाडीबद्दल बोलत नसे. तीन वर्षं बंद असलेली गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. एकटाच डायमंड हार्बर रोडला लागलो तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. घराघरांतल्या चुली पेटल्या होत्या आणि कोळशाचा धूर रस्त्यावर खाली बसत होता. इंजिन छान बोलत होतं. वस्ती संपून शेतं लागली तसा मी वेग वाढवला. समोरून एक बैलगाडी धुरातून बाहेर आली. मी ब्रेक दाबला.

पेडल सरळ तळाला गेलं. काही नाही. पुन्हा दाबलं... काही नाही. बैलाचे डोळे दिसायला लागले. आणि माझ्या डावीकडे, रिकाम्या सीटपुढे, पत्र्यावर टाच आपटल्याचा आवाज झाला. एकदाच, जोरात.

गाडी जागच्या जागी थांबली.

बैलगाडीवाला शिव्या देत निघून गेला. मी बसून राहिलो. इंजिन बंद केलं, तर शेजारी कुणीतरी धापा टाकत होतं... पळून आलेल्या माणसासारखं. मी तिकडे मान वळवली नाही. आवाज थांबेपर्यंत समोर बघत बसलो. मग पेडल दाबून बघितलं. अगदी घट्ट होतं. परत येईपर्यंत पंधरा वेळा ब्रेक मारला, पंधराही वेळा लागला. गॅरेजात उताणा पडून सगळे सांधे, नळ्या बघितल्या. बोट ठेवायला जागा नव्हती.

बाहेर आलो. जयप्रकाशराव बाईंनी दिलेला चहा पीत होते.

“काय मिस्त्री, काय म्हणतेय गाडी?”

“जयप्रकाशराव, जरा बाजूला येता? मला वाटतं, ही गाडी...”

“अहो, घ्यायची की नाही ते माझं ठरलंय.” ते बाईंकडे बघून हसले. “तुम्ही किंमत तेवढी सांगा. सल्ला नकोय.”

“साडेतीन हजार,” मी म्हणालो.

किंमत अगदी रास्त होती. आजही कुणाला दाखवा, त्या किमतीबद्दल मला कुणी नावं ठेवणार नाही.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. सांगणार काय होतो? रिकाम्या सीटवर कुणी धापा टाकतं म्हणून? ते पुढच्या संक्रांतीपर्यंत हसले असते. पण खोटं कशाला बोलू, आता माझंही वय झालं. भीतीपेक्षा राग मोठा होता. त्या क्षणी मनात आलं, घडू दे चांगली अद्दल. अद्दल, एवढंच. मरण नाही मागितलं मी.

आणि तो एक क्षणही नव्हता, दीड महिना होता. रोज उठून सांगता आलं असतं. एकदा वृंदा त्या गाडीतून माझ्याकडे आली, केस विस्कटलेले, गाल लाल, लहानपणी दिसायची तशी खूश. “त्या गाडीत बसत जाऊ नकोस,” मी म्हणालो. तिनं कारण विचारलं. अगदी जिभेवर आलं होतं, देवाशप्पथ. पण तोंडून निघालं, “केस खराब होतात.” ती म्हणाली, “दादा, जळतोस तू.” आणि हसत निघून गेली.

मार्चमध्ये झालं ते. सकाळचे अकरा, लख्ख ऊन, सरळ रस्ता, समोर चिटपाखरू नाही. गाडी रस्ता सोडून ठाकूरपुकुरजवळच्या एका तळ्यात गेली. जयप्रकाशराव एकटेच होते. चहाच्या टपरीवाल्यानं पोलिसांना सांगितलं की बाबू शेजारच्या सीटकडे बघून ओरडत होते, विनवण्या कराव्यात तसे. विम्याच्या माणसानं गाडी बाहेर काढून दोन दिवस तपासली. ब्रेक उत्तम निघाले.

वृंदा सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. तेव्हापासून ती माझ्याकडेच असते. शाळेत शिकवते, माझा स्वयंपाक करते, माझे कपडे दुरुस्त करते. तिनं माझं इतकं करावं आणि मी ते निमूट करून घ्यावं, ही शिक्षा मला पुरेशी आहे असं मी समजत होतो. गाडीचा विषय पाच वर्षांत तिनं एकदाही काढला नाही.

परवा संध्याकाळी काढला. मी चहा पीत होतो. ती समोर तांदूळ निवडत बसली होती.

“दादा, त्या रविवारी गाडीत तुला काही वावगं दिसलं होतं का रे?”

“नाही गं,” मी म्हणालो. “दिसलं असतं तर सांगितलं नसतं का?”

“मीही तेच म्हणते. पण हे ऐकत नाहीत.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“कोण ऐकत नाही?”

“हे.” ती खडे वेचत राहिली. आवाजात भीती नव्हती, एखाद्याचा निरोप पोचवावा तसं बोलत होती. “रोज एकच. दादाला विचार... दादाला ठाऊक होतं.”

विचारू नये ते मी विचारलं.

“आणि... आत्ता?”

तिनं मान वर केली. माझ्या खांद्याच्या मागं क्षणभर बघितलं आणि पुन्हा सुपात नजर लावली.

“आत्ता काही म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “तू नाही म्हणालास ना... तेव्हापासून नुसते तुझ्याकडे बघतायत.”