बेल्ट शेवटपर्यंत ओढा

"टॉर्च आणला नाहीत? मग हा माझा घ्या."

गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत मी जुनी गाडी बघायला गेले, तेव्हा गाडीला टेकून उभा असलेला उंच, सावळा माणूस मला हे म्हणाला. मी बघतच राहिले. विकणारे चहा देतात, वडी देतात. गिऱ्हाइकाच्या हातात टॉर्च देणारा विकणारा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुम्ही कोण?"

"सलील. गुरुदत्त काकांचा पुतण्या. काका नागपूरला गेलेत, बदलीचं घर बघायला. आज मी दाखवणार गाडी... तुम्ही कालिंदी ना? काका म्हणाले, अरुणरावांची मुलगी येईल, बघितल्यासारखं करेल आणि जाईल."

माझं डोकंच फिरलं.

कोलकात्यात आम्ही मराठी माणसं मूठभर. कुणाची बदली झाली की त्याचा फ्रिज, कपाट, गाडी आमच्या मराठी मंडळातच कुणीतरी घेतं. आणि आपल्या माणसाची वस्तू तपासायची नसते! तपासली तर अपमान. बाजारात आम्ही कोबी चारदा उलटापालटा करून घेणार आणि आपल्या माणसाची मोटार मात्र डोळे मिटून. ह्याला सगळे जिव्हाळा म्हणतात. मी आळस म्हणते.

बाबांनी तर कोजागरीच्या दुधावरच गुरुदत्त काकांना शब्द देऊन टाकला होता. मला निरोप असा आला: "घ्यायची तर ही घे, आपल्या माणसाची आहे. नाहीतर लग्न ठरेपर्यंत गाडीचं नाव काढू नकोस." म्हणजे ही नाही तर कुठलीच नाही. आणि मला गाडी हवी होती. बजबजला तेलाच्या डेपोत मी सुरक्षा बघते. आत येणाऱ्या प्रत्येक टँकरचे ब्रेक, व्हॉल्व्ह तपासते. ड्रायव्हर "दीदी, दीदी" करत रडले तरी खराब टँकर परत पाठवते. अशा मुलीने घरी जायला रोज कुणाच्या तरी गाडीत कोपऱ्यात अंग चोरून बसायचं?

मी टॉर्च घेतला. आधी मोबाइलवर नंबर टाकून बघितलं. नोंदणी, विमा, प्रदूषणाचा दाखला, सगळं जागच्या जागी. अपघाताचा दावा नाही, दंड नाही.

"कागद धुतल्यासारखे आहेत," मी म्हटलं.

"कागद चांगले आहेत," सलील म्हणाला. "गाडी पण... बघा ना."

आत बसले. मोगऱ्याच्या वासाने शिंकच आली. डॅशबोर्डवर एक सोडून दोन अत्तराच्या बाटल्या! सलील शेजारी बसला आणि त्याने एसी पूर्ण सोडला.

"थंडीत एसी?"

"लावून बघावा... असं मला वाटतं."

मोगऱ्याच्या मागून हळूच दुसरा वास आला. ओल्या गोणपाटाचा. मी त्याच्याकडे बघितलं. तो पलीकडे जहाजांच्या क्रेनकडे बघत होता. कान मात्र लाल झाले होते. कान बरे होते त्याचे. नको तेव्हा असलं काहीतरी माझ्या नजरेत भरतं.

मी बेल्टला हात घातला.

"लावू नका," तो पटकन म्हणाला. "म्हणजे... लावा. पण आधी ओढा. शेवटपर्यंत."

मी ओढला. स्वच्छ राखाडी, स्वच्छ राखाडी... आणि अगदी टोकाला तपकिरी गाळाची रेघ. वाळलेला चिखल भुरभुर करत माझ्या कुडत्यावर पडला. बाहेर कार्तिकातलं लख्ख ऊन होतं. मागचा सगळा पावसाळा गाडीच्या आत बसून होता.

"किती चढलं होतं पाणी?"

"मी काही बोललो नाही."

"तेच म्हणतेय. बोला!"

"काकांनी शपथ घातलीय. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. काकांनी वाढवलं मला. त्यांच्याविरुद्ध बोलता येत नाही, आणि गाडी चांगला आहे असं खोटंही सांगता येत नाही. म्हणून टॉर्च देतो सगळ्यांना."

"चांगली आहे."

"नाही, खराब आहे!"

मला हसू फुटलं. तोही हसला. हावड्यात वाढलेला, घराबाहेर सगळं बंगालीत. मराठी त्याला फक्त घरात लागायची.

"आधीच्या लोकांनी काय केलं टॉर्चचं?"

"मंडळातले क्षितिजदा आले होते. लाजले. म्हणाले, आपल्या गुरुदत्तांची गाडी, टॉर्च कसला दाखवतोस?"

पुन्हा हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ संताप. "ही वायरिंग पाण्यात बसलीय. कधी ब्रेकचा सेन्सर जाईल, कधी एअरबॅग उघडणार नाही. शेजारच्या सीटवर माझी आई बसणार आहे! टॉर्च देणं म्हणजे खरं बोलणं नव्हे, सलील. हात धुऊन मोकळं होणं आहे ते."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. तरी शब्द मागे घेतला नाही.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "कोलकात्यात कुणाच्या गाडीला चिखल नाही? बुडली असती तर गुरुदत्त मला सांगितल्याशिवाय राहिला असता?" पोरगी काय, मेकॅनिकसारखी बोलते, असंही वर.

दुसऱ्या दिवशी सलीलचा फोन. "रागावलात?"

"हो."

"किती?"

"शेवटपर्यंत."

"मग भेटून रागवा ना. फोनवर मजा नाही येत."

संध्याकाळी हावड्याच्या फेरीबोटीत भेटलो. तो कारखान्यातून थेट आलेला, बाहीला ओतकामाची काजळी, गळ्यात मोहरी रंगाचा मफलर, हातात झालमुरीचे, म्हणजे बंगाली भेळेचे, दोन कागदी ठोंगे. पाण्यावरचा वारा केस तोंडात घालत होता. तो बघत होता... मग बघत नसल्यासारखं करत होता.

"तुम्ही मराठीत भांडता ते छान वाटतं," तो म्हणाला. "माझ्याशी मराठीत कुणी भांडत नाही. काकू फक्त जेवायला वाढते."

"लाडीगोडी नको. बाबा ऐकत नाहीत. रविवारी तुमचे काका नागपूरहून येऊन सगळ्यांसमोर मला किल्ली देणार आहेत. तिथे तोंड उघडणार की टॉर्च वाटणार?"

तो कठड्याकडे वळला. समोर पूल दिव्यांनी भरून आला होता.

"काका बोलायचे थांबले, तर माझं कोण आहे?"

"मी आहे," असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "मुरी खा. सादळतेय." आणि माझ्या ठोंग्यातला खोबऱ्याचा तुकडा त्याच्या ठोंग्यात टाकला. त्याने तो खाल्ला नाही. बोट धक्क्याला लागेपर्यंत बोटांत धरून बसला.

रविवारी कॉलनीच्या अंगणात निम्मं मंडळ जमलं. बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूची माळ. सलीलच्या काकू, सुहासिनी काकू, ताट घेऊन उभ्या. आई हौसेने पुढच्या सीटवर बसलेली. नारळ फोडायचा मान पुतण्याचा.

"घे कालिंदी," गुरुदत्त काकांनी किल्ली पुढे केली. "आपल्या माणसाची गाडी!"

टाळ्या. मी हात पुढे केला नाही. सलीलकडे बघत राहिले. त्याने नारळ उचलला... आणि तसाच धरून ठेवला.

"अरुणकाका, ही गाडी बुडली होती. मागच्या पावसाळ्यात, सीटच्या वर पाणी. विमा मागितला असता तर नोंद राहिली असती, म्हणून मागितला नाही. हावड्याला नेऊन गुपचूप धुतली. नेणारा मीच होतो. सुमनकाकू, तुम्ही उतरा. प्लीज."

पूजेच्या ताटातला चमचा वाजला तेवढाच आवाज.

"तुला वाढवलं ते ह्यासाठी?" काकांनी किल्ली मुठीत आवळली.

"हो काका," सलील म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मला वाटतं, ह्यासाठीच."

आईने बसल्या जागी बेल्ट ओढून बघितला. पदर झटकत उतरली. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "किल्ली तुझ्याकडेच ठेव, गुरुदत्त," एवढंच बोलले. मग सुहासिनी काकूंनी ताट बॉनेटवर आदळलं. "मी त्याच वेळी म्हटलं होतं, भंगारात घाला! ऐकतंय कोण? सलील, तो नारळ इकडे दे. चटणी तरी होईल."

आधी मंडळातला निखिल हसला, मग सगळेच. काका सोडून.

काका न बोलता नागपूरला गेले. सलील रोज फोनकडे बघायचा, मी त्याच्याकडे. एक दिवस काकांचाच फोन आला. "भंगारात दिली मेली. तू जेवलास का?" सलील भर रस्त्यात मला मिठी मारणार होता. मारली नाही. गाढव.

पौषात बेहाल्याच्या एका अनोळखी डॉक्टरांची गाडी मिळाली. सलील आणि मी तिच्याखाली पाठीवर झोपून खोकेस्तोवर तपासत होतो. बाहेरून प्रकाश पडला. वाकून बघितलं, तर बाबा टॉर्च धरून उभे! "डावीकडे गंज आहे का बघा नीट," म्हणाले.

नव्हता.

पहिल्या दिवशी गाडी मी चालवली. नदीकाठी थांबवली, तसा शेजारी बसलेल्या सलीलने बेल्ट सोडला आणि टोकापर्यंत ओढून बघितला.

"अजून काय शोधतोस?"

"सवय लागली. गाडी चांगली आहे." मग माझ्याकडे न बघता, "आता माझा इतिहास पण सांगतो. एकदा लग्न ठरून मोडलं. तिला हावडा आवडलं नाही. मला पोहता येत नाही. राग आला की जेवत नाही. आणि... टॉर्च दिला त्या दिवसापासून तुम्ही... तू... मला फार आवडतेस."

"हे आज सांगतोस?"

"तू ओढलंच नाहीस ना," त्याचे कान लाल झाले, "शेवटपर्यंत."

मी त्याच्या मफलरचं टोक धरलं आणि ओढलं. शेवटपर्यंत.