शेजारची खुर्ची

"ते माझ्यामुळे गेले का, एवढंच सांगा," प्राध्यापकांची बायको म्हणाली. "बाकी मला काही नको."

टाचणीबाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. खाजगी तपासाच्या धंद्यात हे टोपणनाव त्यांना चिकटलं ते अंगकाठीमुळे आणि बोचऱ्या प्रश्नांमुळे. शेजारी त्यांचे दीर बसले होते. निवृत्त दंतवैद्य, पण सगळ्यांचे भाऊजी. दाढ उपटण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. विचार करण्यात मात्र कोणीही धरला असता.

प्राध्यापक नामांकित विद्यापीठात धरणांची गणितं शिकवत. सरकारने त्यांना तिथून उचलून धरण सुरक्षा आयुक्त केलं. ते नको म्हणत होते.

"म्हणायचे, सरकारी खुर्चीत बसून खरं बोलणारा माणूस मला दाखव. पण त्यांच्या पट्टशिष्याने मला गळ घातली. काकू, तुमचं ऐकतील, म्हणाला. मग मी हात धुऊन मागे लागले." बाईंनी डोळे पुसले. "महिनाही झाला नाही, तर कचेरीच्या चौथ्या मजल्यावरून खाली. पोलीस म्हणतात, पद झेपलं नाही, उडी मारली."

"घरी कसे असायचे?"

"झोप उडाली होती. जुनीच गणितं पुन्हा पुन्हा मांडायचे."

"सापडले तेव्हा अंगावर काय होतं?"

"डोळ्यांवर दोरीवाला, जवळचा चष्मा. लांबचा टेबलावरच राहिला. घरात चार पावलं चालायची तरी चष्मा बदलायचे. मी किती चिडवायची त्यावरून."

बाईंनी घरातली अभ्यासिका दाखवली. टेबलाच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या होत्या. "शिष्याचं लिखाण तपासताना त्याला शेजारी घ्यायचे. पाहुणा कितीही मोठा असो, तो समोर. पट्टशिष्य सहा वर्षं इथे बसला. जेवायलाही इथेच असायचा. आम्हाला मूल नाही, तोच आमचा."

आयुक्तालयाच्या सचिवांनी आयुक्तांच्या खोलीचं कुलूप कुरकुरतच उघडलं. "मोठी केबिन दिली होती, ती नको झाली. गेले त्याच दिवशी सकाळी इथे बसायला आले. नकाशांची अडगळ होती ही, वर्षानुवर्षं बंद. संध्याकाळी पोलिसांनी परत कुलूप ठोकलं."

आत भलंमोठं टेबल होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला दोन खुर्च्या, हाताला हात लागतील अशा. समोर एकच. भाऊजी जाड पडद्याकडे गेले आणि एकदम मागे सरले.

"वहिनी, जपून. पडद्याआड खिडकीला कठडाच नाही म्हणा ना, जेमतेम गुडघ्याला लागतो."

"तुम्ही भेटलात त्यांना?" टाचणीबाईंनी सचिवांना विचारलं.

"सकाळी. पाहुण्यांच्या दोन्ही खुर्च्या तेव्हा समोर होत्या. फायली दिल्या आणि निघालो. दुपारभर मंत्र्यांच्या बैठकीत होतो." त्यांचा आवाज चढला. "तीस वर्षं आम्ही घासायची आणि आयुक्त मात्र विद्यापीठातून यायचे. मला ते नको होते, तोंडावर सांगतो. पण माणूस सरळ होता."

आयुक्तपदाच्या यादीत दुसरं नाव होतं ते त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या प्राध्यापकाचं. आता पद त्यांनाच मिळणार होतं.

"दुपारी अभिनंदनाला गेलो होतो," ते म्हणाले. "मला समोर बसवलं, मुलाखतीला आल्यासारखं. निघताना दारापर्यंत आले, चष्मा बदलून. शिपायाला विचारा, त्याने दोघांनाही पाहिलंय."

शिपायाने मान डोलावली. त्यानंतर तो जेवायला गेला होता. मागचा जिना उघडाच असे.

पट्टशिष्य शहराबाहेरच्या धरण कचेरीचा प्रमुख होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"सरांच्या हाताखाली मी जे सूत्र काढलं, त्यावर आज सगळी धरणं सुरक्षित ठरतात. आयुक्तपदासाठी त्यांचं नाव मीच सुचवलं. त्या खोलीत मी कधी गेलो नाही, सर मला घरीच भेटायचे." त्याने नाक पुसलं. "पण गुडघ्याएवढा कठडा असलेली खोली सरकारने द्यावी तरी कशी?"

परतताना भाऊजी म्हणाले, "मला तो दुसरा प्राध्यापकच वाटतो. फायदा त्याचाच."

"फायदा बघू नका भाऊजी, खुर्ची बघा," टाचणीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघांनाही प्राध्यापकांच्या घरी बोलावलं. दारात फौजदार उभे होते. पट्टशिष्य घरच्यासारखा सगळ्यांना पाणी देत होता.

"प्राध्यापकांनी उडी मारली नाही," टाचणीबाई म्हणाल्या. "स्वतःहून खिडकीकडे गेले असते तर चष्मा बदलून गेले असते. ते वाचत होते, आणि वाचता वाचता कोणीतरी त्यांना उठवून तिकडे नेलं. सचिव गेले तेव्हा पाहुण्यांच्या दोन्ही खुर्च्या समोर होत्या. दुसरे प्राध्यापकही समोरच बसले आणि ते निघाले तेव्हा आयुक्त जिवंत होते. त्यानंतर एक खुर्ची टेबलाला वळसा घालून शेजारी आली. शेजारी ते फक्त शिष्याला बसवत."

"शिष्य काय शेकडो असतील," पट्टशिष्य म्हणाला.

"असतील. पण ती खोली उघडली त्या एकाच दिवशी, आणि खिडकीवर जाड पडदा. कठड्याची उंची पोलिसांनी कुठे लिहिली नाही, काकूंनाही माहीत नव्हती. कधीच न गेलेल्या तुम्हाला ती कशी कळली?"

त्याच्या हातातला तांब्या खाली आला.

"गुरू आयुक्त झाला की आपल्या सूत्राला कोण हात लावणार, असं वाटलं तुम्हाला. ते मात्र रात्र रात्र तीच गणितं तपासत होते. सूत्र चुकलंय ना?"

त्याने तांब्या टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आमचं चुकलं, असं जाहीर करू म्हणाले. दोघांच्या सहीने. मी हात जोडले. माझी नोकरी, नाव, सगळं मातीत जाणार होतं. ते शांतपणे पुढची ओळ दाखवत होते. मी म्हटलं, सर, जरा खिडकीपाशी चला, मला गुदमरतंय. माझ्यासाठी ते तसेच उठले."

भाऊजींनी मान खाली घातली.

फौजदारांनी त्याचा दंड धरला. दाराशी तो वळला. "काकू..."

"काकू म्हणू नकोस," बाई म्हणाल्या.

गाडी गेल्यावर टाचणीबाई त्यांच्याजवळ बसल्या. "तुमच्यामुळे नाही गेले ते. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"त्याच्या शब्दावर मीच धाडलं त्यांना तिकडे." बाईंचा आवाज कोरडा झाला होता. "त्यांनी खरंच उडी मारली असती, तर निदान एकासाठीच रडावं लागलं असतं मला."