दोन सह्यांचा अहवाल

नव्या प्रयोगशाळेचं दार ढकलून ती आत शिरली, तर एक अनोळखी तरुण बारा टेबलांकडे पोटच्या पोरांकडे पाहावं तसा कौतुकाने पाहत उभा होता. शाळेची इमारत आणि शिक्षक सरकारचे, प्रयोगशाळा एका कंपनीची, असा करार नुकताच झाला होता. ती सहावीची विज्ञानाची बाई, तो कंपनीचा इंजिनीअर.

“छान आहेत टेबलं,” ती म्हणाली. “पण तुमच्या कारखान्यात सहावीतली मुलं कामाला असतात का?”

“म्हणजे?”

तिने एका मुलीला हाक मारून टेबलामागे उभं केलं. वर फक्त दोन डोळे आणि भांग दिसला. टेबलं कारखान्याच्याच मापाने बनली होती. तो कानापर्यंत लाल झाला, आणि शनिवारी स्वतः करवत घेऊन आला. अठ्ठेचाळीस पाय कापून झाल्यावर भुसाही त्यानेच झाडला. तिला तो तिथेच आवडला.

मग दर महिन्याला पाहणी सुरू झाली. अहवालावर शाळेतर्फे तिची सही, कंपनीतर्फे त्याची. काम दहा मिनिटांचं, पण दोन तास सहज जायचे.

“भिंगं पुन्हा मोजू या?”

“मघाशीच मोजली ना?”

“एखादं राहिलं असेल…”

पूर्वी ती फळ्यावर चित्रं काढून प्रयोग शिकवायची, आता मुलं भिंगातून पानाच्या शिरा पाहत होती. ती मनापासून त्याची ऋणी होती. पण आता नुसत्या आभारांवर भागत नव्हतं. या पाहणीला मनातलं सांगून टाकायचंच, असं तिने ठरवलं.

नेमका त्याच दिवशी तो म्हणाला, “पुढच्या महिन्यापासून इथे दुसरे कुणीतरी येतील. मीच तसा अर्ज केलाय.”

“आमचं काही चुकलं का?”

“छे… करारात एक अट आहे.” तो पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. “सही करणारे दोघं एकमेकांचे नातेवाईक नसावेत.”

“पण आपण कुठे नातेवाईक आहोत?”

“अजून नाही…” तो म्हणाला. “तुम्ही नको म्हणालात, तर अर्ज मागे घेतो.”

तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. आभार सरकारचे मानावेत की कंपनीचे, तिला कळेना.

“मागे घेऊ नका,” ती हळूच म्हणाली. “रविवारी आईबाबा घरी असतात.”

तिने अहवालावर सही केली, आणि त्याच्या सहीची जागा दाखवायच्या निमित्ताने पहिल्यांदाच त्याचा हात धरला.