वाफेच्या कोठीची दोन दारं

आजोबांचा विषय निघाला की तिची मान आपसूक ताठ व्हायची. बंदरालगतच्या बंद पडलेल्या क्वारंटाइन ठाण्याची ती राखणदार. कधीकाळी साथीच्या जहाजांवरची माणसं इथे अडवून ठेवत आणि त्यांचे कपडे भिंतीतल्या लोखंडी कोठीत वाफवत. कोठीला दोन दारं, एक जहाजाच्या बाजूला, एक गावाच्या. दोन्ही एकदम उघडायची नाहीत, हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गावाकडचं दार आजोबांनी जन्मभर डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. त्यांच्या हयातीत एकही साथ ही भिंत ओलांडून गावात आली नाही.

आता ती भिंत पाडायची की ठेवायची, हे ठरवायला दुपारी इंजिनिअर आले. त्यांच्यावर छाप पाडायला तिने भलताच शहाणपणा केला होता. कोठीतून आरपार समुद्र दिसावा म्हणून जहाजाकडचं दार सकाळीच सताड उघडून ठेवलं होतं.

गावाकडचं दार मात्र हलेना. इंजिनिअर चांगले धिप्पाड. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, गंजाला शिव्या घातल्या. मग तिने मूठ धरली. लोखंड गरम होतं. ओल्या लोकरीचा वास सुटला होता...

"पोरी," तिच्या कानाशी म्हातारा आवाज आला, "आधी तिकडचं दार लाव."

इंजिनिअर पांढरेफटक पडले. "कोण... कोण बोललं?"

"आमचे आजोबा," ती म्हणाली. भीती वाटत होतीच, पण अभिमान त्याहून मोठा होता. "कामावर आहेत."

वळसा घालून ती गेली, ते दार लावून अडसर घालून आली. आता गावाकडचं दार नुसत्या बोटाने उघडलं. कोठी रिकामी होती; आतून वाफेचं पाणी ओघळत होतं. भिंत राहील, असं पुटपुटत इंजिनिअरांनी जी धूम ठोकली, ती मागे वळून न बघता. तिचा ऊर भरून आला. आजोबांची भिंत वाचली होती.

दार लोटताना पलीकडचा अडसर सरकल्याचं तिला ऐकू आलं. मग कोठीत पावलं वाजली. पुष्कळ पावलं.

"आम्ही बरे झालोय," आतून एक बाई हलक्या आवाजात म्हणाली. "आता तरी सोडा..."

तिने आजोबांना हाक मारली. उत्तर आलं नाही. आता हे दार तिचं होतं. तिने त्याला पाठ लावली आणि पाय घट्ट रोवले.

"अजून नाही," ती म्हणाली.

आत कुणीतरी खोकलं, आणि दार तिच्या पाठीला हळूहळू रेटू लागलं.